पळता मलम

जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाभोवती गर्दी जमली, की समजायचं, आज कुणाचं तरी बोट कापलंय.

त्या दिवशी हात पांडबा चौगुलेचा होता. पत्र्याच्या धारेनं अंगठ्याच्या मुळाशी चांगला दीड इंच काप गेला होता. त्यावर शेवाळासारखा हिरवट मलम चोपडून पांडबानं हात टेबलावर उताणा टाकला होता आणि दुसऱ्या हातानं निवांत जेवत होता. शेजारी दिगंबर सुतार, म्हणजे अख्ख्या प्रेस शॉपचा दिगूमामा, स्टीलचा ग्लास माइकसारखा तोंडापुढं धरून कुस्तीच्या मैदानातली कॉमेंट्री करत होता.

"मंडळी, डावीकडनं कातडं सरकलं. उजवीकडनं पण सरकलं. पांडबाच्या ताटात अजून अर्धी भाकरी हाय. आता भाकरी आधी संपते का जखम, हे बघायचं."

जखम आधी संपली. पांडबानं मलम पुसला, तर खाली गुलाबी रेघसुद्धा नव्हती. उरलेली भाकरी त्यानं त्याच हातानं मोडली आणि टाळ्या पडल्या.

कँटीनच्या दारावर एक फळा होता. 'अपघाताविना दिवस : ८६१'. ज्या दिवशी हा मलम कारखान्यात आला, त्याच दिवशी फळा लागला होता, आणि तेव्हापासून आकडा रोज एकानं वाढत होता. मामा जाता-येता फळ्याला रामराम घालायचा. एकदा त्यानं आकड्याखाली खडूनं लिहिलं, 'कापलेली बोटं : मोजायची सोय नाही'. त्यावर सेफ्टी ऑफिसर कुलदीप घोरपडेनं सगळ्या शॉपच्या अक्षराचे नमुने घेतले. मामानं नमुना डाव्या हातानं लिहून दिला आणि वर साहेबांना विचारलं, "अक्षर सुधारायला क्लास लावू का?"

मलम आला तेव्हा तो बनवणाऱ्या डॉक्टर इरावती कानडे स्वतः शॉपमध्ये आल्या होत्या. बाजारात यायच्या आधीची चाचणी होती, सरकारच्या परवानगीनं. कागदावर नाव 'गतिलेप'. शॉपनं पहिल्याच आठवड्यात त्याचं 'पळता मलम' केलं. बाईंनी भिंतीवर सूक्ष्मदर्शकातली फिल्म लावली. साबणाच्या फेसासारखं काहीतरी थरथरत, कड फुगवत, एका बाजूला सरकत होतं.

"ही तुमच्या कातडीतली एक पेशी," बाई म्हणाल्या. "हिला पाय नाहीत, तरी चालते. कशी, सांगा बघू."

"घोरपडे साहेबांसारखी. पोटावर," मामा मागून म्हणाला.

शॉप हसलं, बाईही हसल्या. "साहेबांचं मला माहीत नाही. पण हिच्या पोटात सांगाडा असतो. हाडांचा नाही, धाग्यांचा. ॲक्टिन नावाचं प्रथिन आहे, त्याचे बारीक मणी एकाला एक जोडले की धागा होतो. जिकडे जायचं तिकडच्या टोकाला नवे मणी लागतात, धागा वाढतो आणि पेशीची कड पुढे ढकलतो. मागच्या टोकाचे मणी सुटतात आणि पुन्हा पुढे येऊन लागतात. पुढची कड खाली चिकटते, मागची सुटते. पेशी सरकली."

"म्हणजे पायपावरचं मशीन," मामा म्हणाला.

बाईंना कळलं नाही, पण शॉपमधल्या चाळीस माणसांना एका झटक्यात कळलं. वीस टनी प्रेस हलवायची तर तिच्याखाली लोखंडी पाइप घालायचे आणि पहारीनं रेटायचं. प्रेस पुढं सरकली की मागून एक पाइप मोकळा होतो. तो उचलून पळत पुढं न्यायचा आणि पुन्हा तोंडाशी घालायचा. चार पायपांवर अख्खा कारखाना गावभर फिरवता येतो. मामानं हे समजावून सांगितलं तेव्हा बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

"मग मलम काय करतो?" पांडबानं विचारलं.

"पाइप उचलून पुढे नेणारी माणसं वाढवतो. चालणाऱ्या पेशीची पुढची कड जराशी चुन्याच्या अंगाची असते, म्हणजे आम्लाच्या उलट. तसं असलं की जुने धागे पटापट तुटतात, मणी लवकर मोकळे होतात. मलमातले अतिसूक्ष्म कण पेशीत जाऊन बसतात आणि आतलं आम्ल शोषत राहतात. दोन्ही कडांच्या पेशी पळत सुटतात. आठ दिवसांचं काम चार तासांत. छोटी जखम असेल तर अर्ध्या तासात."

मामानं डोकं खाजवलं. "बाई, आम्ही मशीन सरकवतो तवा एक माणूस हातात लाकडी पाचर घेऊन बसलेला असतोय. उतार लागला तर मशीन आपणहून पळतंय, मग त्यानं पाचर ठोकायची. तुमच्यात पाचर कोण लावतं?"

"शेजारीण लावते," बाई म्हणाल्या. "समोरची पेशी टेकली की दोघी आपोआप थांबतात. निसर्गाचीच सोय आहे." मग त्यांनी उजवा तळहात पुढे केला. "पहिला काप मी स्वतःवर घेतला. इथे, मधोमध. चार वर्षं झाली. शोधून दाखवा."

मामानं चष्मा चढवला, हात उजेडात धरला, उलटासुलटा केला. "जखम न्हाई," तो म्हणाला. "पण परदेशगमन दिसतंय."

हे सगळं गंमतीचं होतं. गंमत कधी संपली, ते नेमकं सांगता येत नाही. प्रत्येक प्रेसला उजेडाचा एक पडदा असतो. डोळ्यांना न दिसणारे किरण असतात, हात आत गेला की किरण तुटतात आणि प्रेस जागच्या जागी थांबते. पडद्याला हात आणि माशी यातला फरक कळत नाही, म्हणून दिवसातून दहा वेळा काम अडतं. मलम आल्यावर सहा महिन्यांत दोन नंबरचा पडदा 'दुरुस्तीसाठी' बंद झाला. मग पाच नंबरचा. मग सात नंबरचा. जखम जेवायच्या सुट्टीत भरत असेल तर पडद्यासाठी काम कशाला अडवायचं, असा हिशोब वर कुणीतरी केला होता. खाली तो हिशोब कुणी मांडून दाखवला नाही; बोटांनीच तो ओळखला.

सात नंबरवर नसीमा मुलाणी होती. चौतिशीची, हाताला अशी चपळ की मामा तिला 'मशीनची सवत' म्हणायचा. बहिणीच्या बाळंतपणाला मिरजेला जाऊन, महिनाभराची रजा संपवून ती सोमवारी कामावर आली. बुधवारी अकराच्या सुमाराला प्रेस खाली आली आणि नसीमाचं पहिलं आणि मधलं बोट वरच्या पेरावर तुटलं.

मामा पलीकडच्याच प्रेसवर साचा बसवत होता. त्यानं पाना टाकला, नसीमाचा हात उंच धरला, मग दोन्ही पेरं उचलली, आपल्या डब्यातली भाजी कचऱ्यात उलटी केली आणि कँटीनच्या फ्रीजमधला बर्फ घालून पेरं डब्यात ठेवली. शहरातलं मोठं हॉस्पिटल पंचवीस मिनिटांवर होतं. बोटं शिवून जागेवर बसतात, हे त्याला माहीत होतं. त्याच्या मेव्हण्याचं बसलं होतं.

"आधी मलम," घोरपडे म्हणाला. "रक्त थांबू दे. गाडी बोलावलीये."

"साहेब, मलम नको. शिवायचंय."

"मामा, तुम्ही डॉक्टर आहात का?" घोरपडेनं दोन्ही थोटकांवर मूठभर मलम थापला, नसीमाला प्रथमोपचाराच्या खोलीत बसवलं, मामाच्या हातातला डबा घेतला. "हा मी फ्रीजमध्ये ठेवतो. तुम्ही साच्याकडे बघा, लाइन थांबलीये."

गाडी अडीच वाजता आली. मामा डबा घ्यायला गेला. डबा घासून, पुसून, ओट्यावर पालथा घालून ठेवला होता.

पुढं कितीतरी दिवस त्याला तो डबाच दिसायचा. त्यात जेवण नेणं त्यानं सोडलं, पण तो फेकलाही नाही.

हॉस्पिटलमधल्या सर्जननं नसीमाची बोटं पाहिली. कातडं दोन्ही बाजूंनी येऊन पोत्याचं तोंड शिवावं तसं मिटलं होतं. "हे कधीचं?" त्यानं विचारलं. "आज सकाळचं," मामा म्हणाला. सर्जननं मामाच्या तोंडाचा वास घेतला.

शनिवारी सरकारी डॉक्टरनं तपासून लिहिलं, जखम सुमारे महिनाभर जुनी. सोमवारी कारखान्याचं पत्र आलं. नसीमा मुलाणी यांना रजेच्या काळात घरी कडबा कुट्टीच्या यंत्रावर इजा झाली, ती लपवून त्या कामावर आल्या आणि तिचा दोष कारखान्यावर ढकलला. दसऱ्यानंतरच्या सोमवारपर्यंत खुलासा करावा, नाहीतर खोटेपणाबद्दल कामावरून कमी करण्यात येईल. सोबत मलमाच्या नोंदवहीच्या पानाची प्रत जोडली होती. त्या बुधवारी कुणालाही मलम दिल्याची नोंद नव्हती. सात नंबरवरचा कॅमेरा त्या दिवशी बंद होता. मामाची साक्ष घेतली नाही, कारण तो 'जवळचा' होता. बाकीच्यांना पडद्यापेक्षा पगार जवळचा होता.

मामा नसीमाच्या घरी गेला तेव्हा ती डाव्या हातानं कांदा चिरायला शिकत होती. पत्र तिनं चुलीवरून उतरवलेल्या भांड्याखाली चटका लागू नये म्हणून घडी करून वापरलं होतं.

"मामा, माझ्या घरात शेळीसुद्धा न्हाई," ती म्हणाली. "कडबा कुट्टी कुणासाठी ठेवू, सासूसाठी?"

आतून सासूचा आवाज आला, "ऐकू येतंय मला."

"ऐका की. तुमचं पण नाव येऊ दे कागदावर." नसीमानं सुरी खाली ठेवली. "बोटं गेली तर गेली. पण मी खोटारडी? बारा वर्षं त्या मशीनवर काढली मी. आणि उद्या दुसरी कुणी तिथं बसणार, पडदा तसाच बंद."

मामानं पहिल्या रागात जे सुचलं ते केलं. घोरपडेच्या स्कूटरच्या सायलेन्सरमध्ये बटाटा कोंबला. त्याच्या खुर्चीला फेव्हिकॉल लावला. घोरपडेची एक पँट गेली, पण मामाचा राग काही गेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खोडी काढून बरं वाटलं नाही.

दसऱ्याला दहा दिवस राहिले असताना साचा उचलताना त्याचं डावं मनगट मुरगळलं. बायको वैजयंतानं हळद उगाळली, गरम केली आणि मनगटापासून तळहातापर्यंत लेप दिला. थोड्या वेळानं तिनं हात ओढून उजेडात धरला.

"तंबाखू खाऊन हात धुतला न्हाई ना? चुना लागलाय हाताला."

पिवळ्या लेपात तळहाताच्या खालच्या बाजूला एक लालभडक रेघ उमटली होती. कुंकवाची असावी तशी. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसंच करतात, हे वैजयंताला आणि अर्ध्या महाराष्ट्राला माहीत होतं. पण मामानं त्या दिवशी तंबाखूला हातच लावला नव्हता. त्यानं दुसऱ्या तळहाताला हळद फासली. पिवळीच राहिली. मग त्याला आठवलं, होळीच्या सुमाराला ह्या डाव्या हाताला बोटांच्या मुळाशी पत्रा लागला होता. मलम लावला होता. रेघ जरा खाली दिसत होती खरी, पण काप नेमका कुठं होता, हे कोण लक्षात ठेवतंय.

चुन्याच्या अंगाची असते, बाई म्हणाल्या होत्या. कण पेशीत जाऊन बसतात.

मामा ओल्या हातानंच स्कूटरवर बसला. नसीमाच्या घरी पोचला तेव्हा त्याचं हँडल पिवळं झालं होतं. तिच्या सासूच्या मसाल्याच्या डब्यातली हळद पाण्यात कालवून त्यानं तिच्या दोन्ही थोटकांना लावली. तिघं बघत बसले. मिनिटभरात दोन्ही टोकं डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल झाली.

"या अल्ला," सासू म्हणाली.

मामा मात्र हसत होता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

खंडेनवमीला त्या शॉपची एक जुनी रीत होती. मशीन पुसायची, झेंडूचे हार घालायचे, नारळ फोडायचा, आणि मग ज्याची मशीन त्यानं परातीतल्या हळदीत हात बुडवून मशीनच्या अंगावर पंजा उठवायचा. त्या दिवशी घरची माणसं येतात, गेट उघडं असतं, कुणी कुणाला अडवत नाही. पूजेचं सामान आणायचं काम गेली अठरा वर्षं मामाकडं होतं. यंदा तर योग भारी होता. त्याच दिवशी फळ्यावरचा आकडा नऊशेला पोचत होता, म्हणून मालकांनी, म्हणजे जयंतशेठनी, सत्कार ठेवला होता. डॉक्टर कानडे येणार होत्या. सरकारी कारखाना निरीक्षकही येणार होते. त्यांना बोलावणं मामानं केलं नव्हतं. मालकांनीच छापील पत्रिका पाठवली होती.

मामा दरवर्षी पावशेर हळद आणायचा, यंदा पाच किलो आणली.

नवमीला सकाळी दहा वाजता घोरपडेनं माइक हातात घेतला. नऊशे दिवस, एकही नोंदवण्याजोगा अपघात नाही. टाळ्या. डॉक्टर कानडेंच्या गळ्यात हार. निरीक्षकांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. मग मामा परात घेऊन पुढं झाला.

"शेठ, पहिला मान तुमचा."

जयंतशेठनी हात बुडवून एक नंबरच्या प्रेसवर पंजा उठवला. मामानं त्यांचा हात हळूच धरून सगळ्यांना दाखवला. "पिवळाधमक. लक्ष्मीचा हात. असाच वर धरा शेठ, फोटो काढायचाय."

मग एकेक माणूस आला. पांडबा आला, पाच नंबरची कविता आली, सगळे बेचाळीस जण आले. मामा प्रत्येकाला मनगटापर्यंत हात बुडवायला लावत होता. "चोरून नको, नीट बुडवा. देवाचं काम हाय. आता हात वर, मोबाइलकडं बघा, हसा." मग तो थांबला, खिशातनं घड्याळ काढलं आणि उगीच त्याच्याकडं बघत राहिला.

पहिल्यांदा कविताच्या मुलीनं पाहिलं. "आई, तुझ्या हाताला कुंकू लागलंय."

मग सगळ्यांच्याच हातांना लागलं. एका हातावर तीन रेघा, दुसऱ्यावर सहा. कुणाच्या बोटांना लाल अंगठ्या घातल्यासारख्या, कुणाच्या तळहातावर आडवेतिडवे फराटे. वर उचललेले ऐंशीच्या वर पिवळे हात आणि प्रत्येकावर लाल रेघांची जाळी. आख्ख्या शॉपमध्ये एकच हात कोरा होता, तो शेठचा.

"हे काय आहे?" निरीक्षकांनी विचारलं.

"अपघाताविना नऊशे दिवस," मामा म्हणाला. "मोजून घ्या साहेब."

डॉक्टर कानडेंनी पांडबाचा हात धरला. रेघा मोजताना त्यांचे ओठ हलत होते. "तुमच्या एकट्याच्या हातांवर चौदा," त्या म्हणाल्या, आणि घोरपडेकडे वळल्या. "नोंदवहीत सगळ्या कारखान्याचे मिळून किती वेळा लेप दिल्याचं लिहिलंय?"

"अकरा, मॅडम. किरकोळ."

"दर महिन्याला तुम्ही मला तेच कळवत होतात."

"मॅडम, हे हळदीचं काहीतरी आहे. ह्या माणसानं हळदीत काहीतरी मिसळलंय, ह्याला खोड्या काढायची सवयच आहे."

"बरोबर हाय," मामा म्हणाला. "म्हणून तर शेठचा हात आधी घेतला. त्याच परातीतला." आणि बोलता बोलता त्यानं घोरपडेच्या गालावर दोन्ही हातांनी प्रेमानं हळद फासली. "साहेब तेवढे राहिले होते."

घोरपडेनं रुमाल काढेपर्यंत उशीर झाला होता. त्याच्या हनुवटीवर आणि जबड्यावर बारीक लाल रेघा उमटल्या. रोज सकाळी दाढी करताना लागणाऱ्या कापांवर साहेब कारखान्याचा मलम घरी नेऊन लावत होते. शॉप हसायला लागलं, पण त्या हसण्यात दात होते.

तेवढ्यात गेटकडनं नसीमा आली. सासू सोबत होती, तिच्या हातात मामाचा तो डबा होता. मामानंच दिला होता. नसीमा सरळ पुढं आली. परातीत उजवा हात बुडवला आणि सात नंबरवर पंजा उठवला. तीन बोटं पूर्ण, दोन आखूड. मग हात वर धरून ती निरीक्षकांपुढं उभी राहिली. दोन टोकं लाल होत गेली.

"साहेब, जखम महिनाभर जुनी, घरी कडबा कुट्टीवर झालेली, असं पत्र दिलंय मला. माझ्या घरच्या कडबा कुट्टीला हा मलम कुणी लावला, तेवढं विचारा ह्यांना."

निरीक्षकांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर कानडेंचा चेहरा पांढरा पडला होता. "हा लेप जिल्ह्यात दुसरीकडे कुठेही नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "ही जखम महिनाभर जुनी दिसली, कारण माझ्या लेपानं ती तशी केली. तुटलेलं बोट शिवायचं असेल तर लेप लावायचाच नाही, हे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर आहे. पेरं कुठायत?"

सासूनं डबा उघडून दाखवला. स्वच्छ, चकचकीत, रिकामा.

"घोरपडे साहेबांनी घासून दिला," मामा म्हणाला. आता तो हसत नव्हता. "बाई, तुम्हाला पण सांगतो. तुम्ही औषध दिलं, यांनी पडदे काढले. अडीच वर्षांत एकदा तरी आला असता, आमचे हात बघितले असते. तुम्ही नुसता आकडा बघितला. शून्य. शून्य अपघात बघून तुम्हाला शंका आली न्हाई? चाळीस माणसं पत्रा कापतायत आणि अकराच वेळा खरचटतंय?"

शेठ कुणालातरी फोन लावत होते, पण हळदीच्या हातानं त्याचा पडदा चालत नव्हता.

निरीक्षकांनी पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला आणि वही काढली. तासाभरात सात, पाच आणि दोन नंबरच्या प्रेसच्या स्विचवर लाखेचं सील बसलं. नोंदवही पिशवीत गेली. नसीमाचं पत्र त्यांनी मागितलं, तेव्हा तिनं भांड्याच्या बुडाची काळी वर्तुळं उमटलेला कागद काढून दिला. त्यांनी त्यावर चार ओळी लिहिल्या, सही केली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही खोटं बोलला नव्हता. हे आता सरकारी कागदावर आहे." नसीमानं मान हलवली. मग ती कँटीनच्या दारापाशी गेली आणि फळ्यावरच्या नऊशेवर ओला हात दाबला. आखूड बोटांचा पंजा आकड्यावर बसला, खाली ओघळ आले.

खरं तर इथं संपायला हवं होतं. मामाला तर नाचावंसं वाटत होतं.

पण डॉक्टर कानडे पुन्हा पांडबाचा हात धरून उभ्या होत्या. "जेवता जेवता भरला म्हणालात, तो काप कुठे होता?"

"अंगठ्याच्या मुळाशी," पांडबा म्हणाला. "सव्वा महिना झाला." आणि तो स्वतःच हाताकडं बघायला लागला. अंगठ्याचं मूळ पिवळं होतं. दीड इंचाची लाल रेघ त्याच्या खाली, मनगटाच्या घडीवर होती.

मामानं आपला डावा तळहात पाहिला. त्याची होळीतली रेघ. वैजयंतानं लेप लावला तेव्हा तळहाताच्या खालच्या बाजूला होती. आता तळहातावर नव्हतीच. त्यानं शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली, परातीतली हळद मुठीनं घेऊन हातभर फासली आणि वाट बघितली. मनगटाच्या वर बोटभर अंतरावर एक लाल पट्टा उमटला. सरळ नव्हता. कोपराच्या दिशेनं त्याला बारीक बारीक टोकं फुटली होती, फिल्ममधल्या त्या पेशीच्या कडेसारखी.

शॉपमध्ये एकेक बाही वर जायला लागली. कविताचा पट्टा दंडावर निघाला. नसीमानं आपली बोटं डोळ्यांजवळ धरली. लाल टोकांच्या खाली, तळहाताच्या दिशेनं, केसासारखी एक रेघ निघालेली होती.

"कण पेशीबरोबरच जातात," डॉक्टर कानडे स्वतःशी बोलावं तसं म्हणाल्या. "म्हणजे पेशी थांबलेल्या नाहीत. शेजारणीला टेकल्या आणि तिला ओलांडून पुढे गेल्या."

"बाई," मामा म्हणाला, "तुमचा हात."

त्यांनी उजवा हात पुढं केला. साडेसहा वर्षांपूर्वीचा काप, मधोमध, पहिला. मामानं परात त्यांच्यापुढं धरली. त्यांनी हात बुडवला. सगळे जवळ आले. तळहात पिवळा होता. मनगट पिवळं. त्यांनी साडीचा पदर बाजूला केला, दंडाला हळद लावली, मग खांद्याला, मग गळ्याला, कानामागं. वैजयंतानं त्यांच्या पाठीला लावली. मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. घड्याळ मामाच्याच हातात होतं, आणि या वेळी तो खरोखर त्याच्याकडं बघत होता.

लाल कुठंच आलं नाही.

घोरपडेनं सुटकेचा श्वास सोडला. "बघा. मॅडमना काही नाही. म्हणजे काळजीचं कारण नाही."

डॉक्टर कानडेंनी त्याच्याकडं बघितलंही नाही. हळदीनं माखलेल्या त्या उभ्या होत्या, डावा हात नकळत छातीवर गेला होता, आणि तिथून बरगड्यांवर, तिथून पोटावर, एखादी हरवलेली वस्तू चाचपावी तसा फिरत होता.

मामानं परात खाली ठेवली. त्याला त्यांना टोचून बोलायचं होतं, राग अजून पुरता उतरला नव्हता, पण आवाज निघाला तो हळू निघाला.

"बाई, कातडीवर न्हाईत. मग तुमच्या त्या पेशी गेल्या कुठं?"